सीएसटी लिहिण्याआधी एक आकडा

पत्र एका तरुण डॉक्टरांचं आहे. थोडं आटोपशीर करून देते:

"मॅडम, संधिवाताच्या ओपीडीत मला आता दोन वर्षं होतील. आमवाताच्या (रुमेटॉइड आर्थ्रायटिसच्या) दोन्ही मोठ्या गाइडलाइन जवळजवळ तोंडपाठ आहेत. परीक्षेत त्यांवर बोललो, विभागात सादरीकरणही केलं. तरी दुपारी एक वाजता, बाहेर पंधरा जण ताटकळत असताना, माझ्या हातून केसपेपरवर 'सीएसटी' लिहिलं जातं. एका पेशंटला दहा मिनिटं मिळतात, कधी सातच. वरिष्ठांना विचारलं तर म्हणतात, 'गाइडलाइन लिहिणाऱ्यांनी आपली ओपीडी बघितलेली नाही.' डोस वाढवू म्हटलं की पेशंटच हात जोडतो, 'नको डॉक्टर, आहे ते बरं आहे.' मग गाइडलाइन रोजच्या कामात उतरवायच्या म्हणजे नेमकं करायचं काय? घोडं कुठे अडतंय तेच कळत नाही."

प्रिय डॉक्टर,

घोडं कुठे अडतंय ते तुम्हीच लिहिलंय: दुपारी एक वाजता, त्या तीन अक्षरांवर. ओपीडीबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, सीएसटी म्हणजे 'कंटिन्यू सेम ट्रीटमेंट', आहे तेच चालू ठेवा. लिहायला दोन सेकंद लागतात आणि लिहून झालं की काम केल्यासारखं वाटतं. मी स्वतः ती अक्षरं इतक्या वेळा लिहिली आहेत की तुम्हाला उपदेश करण्याआधी माझी चूक सांगितलेली बरी.

पन्नाशीच्या एक बाई माझ्याकडे यायच्या. आमवात, त्यावरचं औषध मेथोट्रेक्सेट आठवड्याला 10 मिलिग्रॅम. दर खेपेला मी विचारायची, "कसं काय?" त्या म्हणायच्या, "बरं आहे." मी सीआरपी (रक्तातला दाहाचा आकडा) बघायची, फार काही वाईट नसायचा, आणि सीएसटी. असं सलग चार वेळा झालं. पाचव्या खेपेला माझ्याबरोबर एक नवी रेसिडेंट बसली होती. तिला शिकवायचं म्हणून मी त्या बाईंचे सांधे मोजून दाखवले. शिकवायचं होतं म्हणून मोजले, एरवी मोजले नसते. दुखरे सांधे पाच, सुजलेले चार. त्यांना शून्य ते दहात आपला आजार किती वाटतो असं विचारलं, त्या म्हणाल्या चार. माझ्या अंदाजाने मीही चारच दिले. बेरीज सतरा. रेसिडेंटने निरागसपणे विचारलं, "मॅडम, मग डोस 10 वरच का आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. जवळजवळ वर्षभर मी त्या बाईंना 'बरं आहे' या दोन शब्दांवर ठेवलं होतं.

गाइडलाइन मलाही पाठ होत्या. मेथोट्रेक्सेटचा डोस चार ते सहा आठवड्यांत निदान 15 मिलिग्रॅमपर्यंत न्यावा, हे कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. त्या चार खेपांत माझ्यासमोर असं काही आलंच नाही ज्याने मला तो प्रश्न विचारायला भाग पाडलं असतं. तुमचंही तेच होतंय असं मला पत्रावरून वाटतं. माहिती भरपूर आहे, पण ती डोक्यात आहे. पेन हातात घेतो त्या क्षणी समोर काहीच नसतं.

म्हणून अख्खी गाइडलाइन राबवण्याचा विचार आत्ता सोडून द्या. एकच नियम घाला: आकडा लिहिल्याशिवाय औषध लिहायचं नाही. आकडा आधी, सीएसटी नंतर.

आकडा कोणता, यावर विभागात महिनाभर वाद घालता येतो; घालू नका. आजाराचा जोर मोजणारा डीएएस-28 चांगला आहे, पण त्याला ईएसआर किंवा सीआरपी ही रक्ततपासणी लागते आणि रिपोर्ट नेमका त्याच दिवशी आलेला नसतो. सीडीएआय या दुसऱ्या मापाला रक्त लागत नाही, कॅल्क्युलेटर लागत नाही. दुखरे सांधे अधिक सुजलेले सांधे, अधिक पेशंटचे दहापैकी, अधिक तुमचे दहापैकी. 2.8 पर्यंत आजार शांत, 10 पर्यंत सौम्य, 22 पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. बोटांवर होणारी बेरीज आहे. माझ्या बाईंचे सतरा म्हणजे मध्यम, आणि मध्यम आजार वर्षभर सांध्यांत मुरत राहिला की काय होतं हे तुम्ही एक्स-रेवर बघितलेलं आहे.

मोजायचे सांधे अठ्ठावीस: दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, दोन गुडघे, बोटांच्या मुळाशी असलेले दहा आणि बोटांच्या मधले दहा (अंगठ्याचा एकुलता सांधा यातच धरायचा). सुरुवातीला सहा-सात मिनिटं लागतील आणि तुम्ही वैतागाल. महिनाभरात हात बसतो, मग अडीच-तीन मिनिटं पुरतात. मी नेहमी उजव्या खांद्यापासून सुरू करून खाली उतरते, मग डावीकडे, शेवटी गुडघे. क्रम कोणताही चालेल, पण तो बदलू नका. क्रम पक्का असला की एखादा सांधा सुटत नाही.

दाब किती द्यायचा? तुमच्या अंगठ्याचं नख पांढुरकं होईल इतका. त्याहून कमी दिलात तर दुखरा सांधा सुटतो, जास्त दिलात तर कुणीही ओरडेल. सूज बघताना पेशंटला अलगद मूठ वळायला सांगा आणि हात उजेडाकडे धरा. निरोगी मुठीत बोटांच्या मुळाशी टेकड्या आणि त्यांच्यामध्ये दऱ्या दिसतात. सूज आली की दरी बुजते, मुठीचा वरचा भाग सपाट दिसायला लागतो. बोटांनी चाचपलं तर सुजलेला सांधा मऊ, रबरी लागतो. झिजेचा सांधा हाडासारखा टणक. हे वाचून येत नाही. कुणा जुन्या जाणत्याबरोबर दहा पेशंट एकमेकांचे आकडे न बघता मोजा, मग ताडून पाहा. माझे आणि माझ्या सहकाऱ्याचे सुजलेले सांधे पहिल्या दिवशी इतके वेगळे आले होते की आम्ही दोघंही गप्प झालो.

आता 'बरं आहे' या उत्तराकडे. पेशंट खोटं बोलत नसतो. काहींना डॉक्टरांना बरं वाटावं असं वाटतं. काहींना नवं औषध टाळायचं असतं. आणि बऱ्याच जणांना दुखणं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की बरं म्हणजे काय हेच आठवत नाही. म्हणून "कसं काय?" हा प्रश्न कामाचा नाही. "सकाळी उठल्यावर हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो?" असं विचारा. "गेल्या आठवड्यात सांध्यांमुळे कोणतं काम टाळलं?" असं विचारा. शून्य ते दहा हे प्रमाण वयस्कर माणसांना अनेकदा कळत नाही, मी सरळ विचारते, "सोळा आण्यांत किती आणे बरं आहे?" 'बारा आणे' असं उत्तर पटकन येतं. बारा आणे बरं म्हणजे चार आणे बाकी, म्हणजे दहापैकी अडीच. कुठल्याही गाइडलाइनमध्ये हे सापडणार नाही, आणि दरवेळी एकाच पद्धतीने विचारलं तर चालतं.

आकडा लिहिला की गाइडलाइनमधली दोनच वाक्यं डोळ्यांसमोर हवीत. मी ती टेबलाच्या काचेखाली ठेवली होती. एक: आजार जोरात असेपर्यंत पेशंटला दर एक ते तीन महिन्यांनी बघायचं. दोन: उपचार सुरू केल्यापासून तीन महिन्यांत सुधारणा दिसली नाही, किंवा सहा महिन्यांत लक्ष्य गाठलं नाही, तर उपचार बदलायचा. लक्ष्य म्हणजे आजार शांत होणं, आणि जुनाट आजारात निदान सौम्य पातळी. युरोपच्या युलर या संघटनेच्या शिफारशींचा कणा हाच आहे. 2010 पासून त्या अनेकदा सुधारल्या गेल्या, औषधांची यादी लांबत गेली, पण हा कणा जागचा हलला नाही.

एवढ्याने खरंच फरक पडतो का, असं तुमचे वरिष्ठ विचारतील. त्यांना ग्लासगोची टिकोरा चाचणी सांगा. 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली, मोजके 110 पेशंट. एका गटाला नेहमीसारखी ओपीडी. दुसऱ्याला दर महिन्याला बोलावून सांधे मोजायचे आणि आकडा ठरलेल्या रेषेवर असला की ठरलेल्या पायऱ्यांनी उपचार वाढवायचा. नवं औषध नव्हतं, बायोलॉजिक (जैविक औषध) नव्हतं. दीड वर्षाने नेहमीच्या गटात 16 टक्के लोकांचा आजार शांत झाला होता, मोजणाऱ्या गटात 65 टक्के. दोन्हीकडे कपाटात औषधं तीच होती. ही चाचणी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा नुसती मान डोलावली. त्या बाईंनंतर पुन्हा वाचली तेव्हा ती वेगळीच वाटली.

पुढचा प्रश्न वेळेचा. दहा मिनिटांत हे सगळं एकट्याने होत नाही, हे मान्य. पण ते एकट्याने करायला सांगितलंय कुणी? गाइडलाइनमधलं प्रत्येक वाक्य घ्या आणि त्याच्यापुढे लिहा: कोण करणार, कधी करणार, आणि ते केल्याचं कुठे दिसणार. हे तीन रकाने भरता आले नाहीत तर ते वाक्य तुमच्या ओपीडीत अस्तित्वातच नाही. आम्ही हे केलं तेव्हा लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक वाक्यापुढे 'डॉक्टर, तपासताना' असंच लिहिलं गेलंय. म्हणजे सगळं त्या दहा मिनिटांत कोंबलेलं, आणि बाहेर पेशंट दीड तास नुसता बसलेला.

तो दीड तास वापरा. बाकावर बसल्याबसल्या पेशंटच्या हातात अर्ध्या पानाची चिठ्ठी द्या: दहापैकी किती, सकाळचा ताठरपणा किती वेळ, मेथोट्रेक्सेट कोणत्या वारी घेता, गेल्या महिन्यात किती डोस चुकले, मूल होऊ देण्याचा विचार आहे का. ज्याला लिहिता येत नाही त्याची सिस्टर भरून घेतील. तो आत येतो तेव्हा निम्मी बेरीज झालेली असते. सिस्टरांना हे जास्तीचं काम वाटेल असं तुम्हाला वाटत असेल तर त्यांना आधी विचारा. आमच्या सिस्टरांनी चिठ्ठीतला एक प्रश्न स्वतः घातला: "बूट-चप्पल घट्ट होते का?" अठ्ठावीस सांध्यांत पाऊल मोजलंच जात नाही, आणि आमवात पावलांत कितीदा आधी शिरतो हे त्यांनी ड्रेसिंग करताना बघितलं होतं. तो प्रश्न अजून चिठ्ठीवर आहे.

सिस्टर किती करू शकतात याबद्दल डॉक्टरांच्या मनात उगाच शंका असते. गाउटचं, म्हणजे युरिक ॲसिड साचून होणाऱ्या सांधेदुखीचं, उदाहरण घ्या. 2018 मध्ये नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी 517 जणांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाची काळजी नर्सने घेतली, दुसऱ्याची नेहमीप्रमाणे फॅमिली डॉक्टरांनी. दोन वर्षांनी नर्सच्या गटात 95 टक्के लोकांचं युरिक ॲसिड 6 मिलिग्रॅमच्या खाली होतं, डॉक्टरांच्या गटात 30 टक्के. यात जादू नाही. युरिक ॲसिड उतरवणारं ॲलोप्युरिनॉल कमी डोसने सुरू करून हळूहळू वाढवायचं आणि रक्त तपासत जायचं, हे दोघांनाही माहीत होतं. नर्सने वेळ देऊन समजावलं, डोस वाढवत नेला, आणि पहिल्या काही महिन्यांत पायाचा अंगठा पुन्हा भडकू शकतो हे आधीच सांगून ठेवलं. हे न सांगता सुरू केलं तर पेशंट तिसऱ्या आठवड्यात म्हणतो, 'या गोळीनेच वाढलं', आणि गोळी बंद. आपण केसपेपरवर लिहितो, 'पेशंट औषध नीट घेत नाही'.

मेथोट्रेक्सेटसाठी मात्र मी जरा जास्तच कडक आहे, त्यामुळे इथे रेंगाळते. हे औषध आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतलं गेलं तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी कोसळतात, माणूस जातो. युरोपच्या औषध नियामकांना 2019 मध्ये याच चुकीसाठी वेगळ्या सूचना काढाव्या लागल्या. एकदा माझ्याच औषधांच्या चिठ्ठीवर मी 'आठवड्याला' हा शब्द इतका घाईत लिहिला होता की वाचणाऱ्याला तो कशासारखाही दिसला असता. औषध देणाऱ्या माणसाने फोन करून विचारलं म्हणून निभावलं. तेव्हापासून मी वार लिहिते. 'मेथोट्रेक्सेट, फक्त रविवारी.' त्याखाली दुसऱ्या ओळीत, 'फॉलिक ॲसिड, फक्त मंगळवारी.' वार पेशंटने निवडायचा, कारण पाळायचा त्याला आहे. औषधाचं नाव पूर्ण लिहायचं, 'एमटीएक्स' नाही. एकाच ताकदीच्या गोळ्या द्यायच्या, दोन वेगवेगळ्या ताकदीच्या एकाच घरात जाऊ द्यायच्या नाहीत. आणि खोलीतून बाहेर पडण्याआधी पेशंटनेच म्हणून दाखवायचं: "कधी घेणार?" त्याने "रविवारी, तीन गोळ्या" म्हटलं की मग पुढचा पेशंट. याला वीस सेकंद लागतात.

रक्ततपासण्यांचं वेळापत्रक तुम्हाला माहीत आहे: सुरुवातीआधी रक्तपेशी, यकृत, मूत्रपिंड, हिपॅटायटिस बी आणि सी, मग पहिले तीन महिने दोन ते चार आठवड्यांनी, सहा महिन्यांपर्यंत आठ ते बारा आठवड्यांनी, पुढे दर बारा आठवड्यांनी. जो येतो त्याची तपासणी होतेच. जो येत नाही त्याचं काय? म्हणून एक साधी वही ठेवा: कुणाची तपासणी कधी होती आणि कोण आलं नाही. आठवड्यातून एकदा कुणीतरी त्या नावांना फोन करायचा. माझ्या मते सगळ्या सुरक्षा-नियमांचं सार त्या न आलेल्यांच्या यादीत आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती यादीच नसते. सॉफ्टवेअर असेल तर उत्तम. नसेल तर त्यावाचून अडत नाही.

आता तुमच्या वरिष्ठांचं वाक्य. ते निम्मं खरं आहे, त्यामुळे त्यावर भांडू नका. अमेरिकेच्या एसीआर या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची 2021 ची आमवाताची गाइडलाइन काढा आणि शिफारशी मोजा. एकूण 44. त्यातल्या ठाम किती? 7. बाकीच्या 37 सशर्त आहेत. सशर्त म्हणजे नीट माहिती दिली तर बहुतेक लोक हे निवडतील, पण बरेच जण निवडणार नाहीत, आणि तेही चूक नाहीत. म्हणजे त्या 37 ठिकाणी पेशंटशी बोलणं हाच गाइडलाइनचा आदेश आहे. वरिष्ठांना वाटतं गाइडलाइन म्हणजे हात बांधणं. तिचा चार पंचमांशाहून मोठा भाग तर म्हणतोय, पेशंटला विचारून ठरवा.

दोन गाइडलाइन एकमेकींशी भांडतात तेव्हा? स्टेरॉइडवर भांडतातच. नवं औषध सुरू करताना थोड्या काळासाठी स्टेरॉइडचा विचार करा आणि लवकरात लवकर कमी करून थांबवा, असं युलर म्हणते. एसीआर म्हणते, शक्यतो थोड्या काळासाठीही त्यावाचून सुरू करा; आणि तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ स्टेरॉइड नको, ही तर तिच्या सात ठाम शिफारशींतली एक आहे. मला विचाराल तर ज्या माणसाला सकाळी दाराची कडी उघडता येत नाही त्याला तीन महिने 'मेथोट्रेक्सेटचा गुण येईल, थांबा' असं सांगणं मला जमत नाही. मी देते. पण देताना त्याच औषधांच्या चिठ्ठीवर कमी करायच्या तारखा लिहिते. स्टेरॉइड सुरू करणारा डॉक्टर एक असतो आणि बंद करणारा बहुतेक वेळा कुणीच नसतो. तुमच्या विभागाने दोन्हींपैकी काहीही निवडावं, पण निवडून एका पानावर लिहून ठेवावं. सोमवारी एक डॉक्टर देतो आणि गुरुवारी दुसरा बंद करतो, असं झालं की पेशंटचा दोघांवरूनही विश्वास उडतो.

आकड्याचीही गुलामी नको. समजा दुखरे सांधे बारा, सुजलेला एकही नाही, पेशंटचे आठ, तुमचे दोन. बेरीज बावीस, तीव्रच्या उंबरठ्यावर. पण सूज कुठे आहे? सीआरपी शांत आहे, झोप उडालेली आहे, अंगभर दुखतंय. हा फायब्रोमायाल्जियाचा, म्हणजे सांध्यांत दाह नसताना अंग दुखण्याच्या आजाराचा, माणूस असू शकतो. त्याला बायोलॉजिक चढवलं तर दुखणं तसंच राहील आणि जंतुसंसर्गाचा धोका तेवढा वाढेल. अशा वेळी बेरजेपेक्षा तिचे चार भाग बघा, शंका असेल तर सोनोग्राफी करून आत दाह आहे का ते पाहा. म्हणून मी केसपेपरवर नुसता '22' लिहू देत नाही, '12, 0, 8, 2' असं सुटं लिहायला लावते. सहा महिन्यांनी दुसरा डॉक्टर बघेल तेव्हा त्याला चार आकड्यांतच सगळी गोष्ट दिसते.

आणि लक्ष्य गाठलं नाही तरी उपचार वाढवायचा नाही, असंही होईल. जरूर होऊ द्या. फक्त कारण लिहा. 'आकडा 17. डोस वाढवला नाही. यकृताची एन्झाइम्स वाढलेली, चार आठवड्यांनी पुन्हा बघून ठरवू.' याला मी गाइडलाइन पाळणंच म्हणते. 'सीएसटी' आणि हे वाक्य, दोन्हींत औषध तेच राहिलं. पण दुसऱ्यात कुणीतरी विचार केला होता आणि पुढची तारीख पडली.

'नको डॉक्टर, आहे ते बरं आहे' म्हणणाऱ्या पेशंटचं कारणही असंच शोधून लिहा. एका बाईंनी तीनदा नकार दिला तेव्हा मी शेवटी डोस बाजूला ठेवून विचारलं, "कशाची भीती वाटते?" त्यांच्या ओळखीतल्या कुणाला कॅन्सर झाला होता आणि त्यावर दिलेल्या औषधाचं नाव मेथोट्रेक्सेट होतं. औषध तेच, डोस आणि हेतू पूर्ण वेगळा, हे समजावायला चार मिनिटं गेली. त्याआधीच्या तीन खेपांत मी त्यांना एकंदर तेवढाच वेळ डोस पटवण्यात घालवला असेल. दुसऱ्या एका तरुणीचा नकार याहून महत्त्वाचा होता: तिला मूल हवं होतं आणि ते सांगायला ती संकोचत होती. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे, गर्भधारणेच्या एक ते तीन महिने आधी बंद करावं लागतं. तिचा 'नको' ऐकून मी नुसतं 'पेशंट नकार देतो' लिहिलं असतं तर ती तेच औषध, त्याच डोसमध्ये घेत राहिली असती आणि मला काही कळलंही नसतं. चिठ्ठीवरचा तो मुलाबद्दलचा प्रश्न तेव्हापासून आला.

लसी, हाडांची घनता, हृदयाचा धोका, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध घेणाऱ्यांची डोळ्यांची तपासणी, हे सगळं तुमच्या यादीत असेलच. यांतलं काहीही आत्ता हातात घेऊ नका. आकडा लिहिणं सवयीचं झालं की एकेक जोडा, आणि प्रत्येकाला ते तीन रकाने लावा. सगळं एकदम सुरू केलेली एक ओपीडी मी बघितली आहे. चार पानी फॉर्म छापला होता, दोन महिन्यांत त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर लोक टेलिफोन नंबर लिहायला लागले होते.

सुधारणा होतेय की नाही हे कळायला मोठा अभ्यास लागत नाही. एका दुपारी वीस केसपेपर डोळे मिटून काढा. शितावरून भाताची परीक्षा. दोनच गोष्टी मोजा: किती जणांच्या शेवटच्या भेटीत आकडा आहे, आणि आकडा लक्ष्याच्या वर असलेल्यांपैकी किती जणांचा उपचार बदलला किंवा न बदलल्याचं कारण लिहिलं. माझ्या पहिल्या वीसांत आकडा तिघांचा होता. लाज वाटली, पण तो कागद मी लपवला नाही, विभागात भिंतीवर लावला. नावं न घालता, आणि सगळ्यात वर माझे स्वतःचे केसपेपर. दर तीन महिन्यांनी पुन्हा वीस.

हे एकट्याने करण्यापेक्षा आणखी दोन-तीन ठिकाणच्या डॉक्टरांना बरोबर घेतलंत तर टिकतं. अमेरिकेत 2017 मध्ये असा एक प्रयोग झाला. वेगवेगळ्या ओपीडींनी एकत्र शिकत लक्ष्य लिहायचं, आकडा लिहायचा, पेशंटशी मिळून ठरवायचं, आणि निर्णय आकड्याला धरून घ्यायचा, या चार गोष्टी सुरू केल्या. या चारांची अंमलबजावणी सुरुवातीला 11 टक्के होती. नऊ महिन्यांत ती 57 टक्क्यांवर गेली. ज्यांना या गटात घेतलं नव्हतं ते 25 वर राहिले. शंभर कुणाचेच झाले नाहीत. संधिवाताच्याच डॉक्टरांची सुरुवात 11 टक्क्यांवर होती, हे तुम्ही स्वतःला रात्री दोष देत बसता तेव्हा आठवा.

माझ्या त्या बाईंचा डोस आधी 15 वर गेला, मग 20 वर. पाच महिन्यांनी बेरीज सहा आली, सौम्य. शांत नाही झाला आजार, आणि आम्ही दोघींनी मिळून तिथेच थांबायचं ठरवलं, कारण 25 वर त्यांना मळमळ सोसवत नव्हती आणि दुसरं औषध जोडायची त्यांची तयारी नव्हती. तसं केसपेपरवर लिहिलेलं आहे. आता खुर्चीत बसायच्या आधीच हात पुढे करून मूठ वळतात.

तुम्ही उद्याच्या यादीतून एकच पेशंट निवडा. ज्याच्या केसपेपरवर सलग तीन खेपा सीएसटी आहे असा. शोधावा लागणार नाही. त्याला सकाळच्या पहिल्या नंबरवर घ्या, बाहेर गर्दी व्हायच्या आत. उजव्या खांद्यापासून सुरू करा. आणि पाऊल अठ्ठावीसात नसलं तरी बूट-मोजे काढायला सांगा.